धनेशच्या डब्यांची नावं

१९९३ साली किन्हवलीच्या बाजारपेठेत दोन नव्या गोष्टी एकदमच आल्या. एक एसटीडीचा पिवळा बूथ आणि दुसरा कल्याणहून कंप्युटर शिकून आलेला धनेश वेखंडे. बूथचा उपयोग लोकांना पहिल्याच दिवशी कळला. धनेशचा कळायला काही वर्षं गेली, आणि कळला तेव्हा लोकांनी त्याला हात जोडले. ते नमस्कारासाठी नव्हते.

धनेश खाऊनपिऊन सुखी घरातला. बापाची भातशेती, दारात गुरं, मागेपुढे चुलत्यांची घरं. कोर्स संपवून तो परत आला तेव्हा बापाने नोकरी कुठे लागली म्हणून विचारलं. धनेश म्हणाला, नोकरी नाही, मी प्रोग्राम लिहून विकणार. बापाला प्रोग्राम म्हणजे गणपतीत स्टेजवर होतो तो, एवढंच ठाऊक. त्याने बराच विचार करून विचारलं, "तुझा प्रोग्राम बघायला येनार कोन?"

कोणी येणार नव्हतं, हे खरंच होतं. पण शहापुरात कौलांची एक मोठी वखार होती आणि तिच्या मालकाने मुंबईच्या मेव्हण्याला दाखवण्यापुरता एक कंप्युटर घेऊन ठेवला होता. त्याच्यावर कव्हर घालून वर उदबत्तीचं घर ठेवलेलं असे. धनेशने मालकाला पटवलं की या यंत्रावर कौलांचा हिशोब ठेवता येईल. मालकाला ते नवल वाटलं आणि त्याने काम दिलं.

ते पहिलं काम धनेशने असं केलं की कल्याणच्या मास्तरांनी पाहिलं असतं तर त्यांचे डोळे भरून आले असते. प्रोग्राम म्हणजे तरी काय, कंप्युटरने एकामागून एक काय करायचं त्या सूचना. आकडे ठेवायला त्यात डबे लागतात आणि प्रत्येक डब्याला एक नाव द्यावं लागतं. धनेशने ज्या डब्यात फुटलेली कौलं होती त्याला 'फूट' नाव दिलं, ज्यात उधारी होती त्याला 'उधारी'. दर चार ओळींनंतर आपण इथे काय करतोय आणि का करतोय, ते साध्या शब्दांत लिहून ठेवलं. वखारीच्या मुनिमाला शेजारी बसवून दर कसा बदलायचा, नवं कौल कसं घालायचं, सगळं शिकवलं. उद्या मी एसटीखाली आलो तरी वखारीचं काम अडायला नको, असं तो त्या वयात खरोखर म्हणायचा.

वर्षभर वखारीचं काम अडलं नाही. मार्च सरल्यावर धनेश मेंटेनन्सचे पैसे मागायला गेला. मालकाने प्रेमाने चहा पाजला आणि विचारलं, वर्षात तुला किती वेळा बोलावलं? एकदाही नाही, धनेशने छाती फुगवून सांगितलं.

"मग पैसे कशाचे देऊ?" मालक म्हणाला. "न येण्याचे?"

शहापूरच्या एसटी स्टँडवर किन्हवलीच्या गाडीची वाट पाहत धनेश बराच वेळ बसला. समोर टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्या मेकॅनिकने हात लावलेला टीव्ही महिन्याभरात परत त्याच्याकडेच यायचा, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. दुकानासमोर रांग होती आणि दुकानावर नवा मजला चढत होता. धनेशने त्या मजल्याकडे पाहिलं. कल्याणच्या कोर्समध्ये शिकवायचा राहिलेला धडा असा त्याला स्टँडवर फुकट मिळाला.

दोन वर्षांनी शिवारलक्ष्मी पतसंस्थेचं काम आलं. पतसंस्थेचे चेअरमन देवरामशेठ. विटांच्या भट्ट्या आणि दोन ट्रक बाळगून असलेला मोठा माणूस. जिल्ह्याच्या बैठकीत कोणीतरी त्यांच्यादेखत 'आमचं सगळं कंप्युटरवर आहे' असं म्हणालं होतं आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. ठेवी, कर्जं, व्याज, लाभांश, सगळं कंप्युटरवर चढवायचं ठरलं.

धनेशने ते चढवलं, पण या वेळी शहाण्यासारखं. खुलाशाची एक ओळ कुठे लिहिली नाही. डब्यांना नावं दिली ती गावातल्या माणसांची. त्याची गोजर आत्या कुणाच्याही घरी गेली तरी आपला वाटा काढून घेतल्याशिवाय उठत नसे. म्हणून कर्जातून भागभांडवलाची जी कपात व्हायची, त्या डब्याचं नाव गोजर. दूध घालायला येणारा महादू जरा आगाऊ; म्हणून आगाऊ व्याज म्हणजे महादू. शेजारचा कमळू कधीच घरी नसायचा; खात्यात शिल्लक नसली की कमळू. आणि धनेशच्या चुलत्याची पोर मंगळी आदल्याच वर्षी मुरबाडच्या सासरहून कायमची परत आली होती. मुदत पुरी व्हायच्या आत ठेव परत घेतली तर व्याज कापतात, त्या डब्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा धनेशला फार विचार करावा लागला नाही. तो एकटाच हसला आणि लिहिलं: मंगळी.

आता हा प्रोग्राम दुसऱ्या कुणी वाचायचा म्हटला असता तर त्याला आधी किन्हवलीत चार वर्षं राहावं लागलं असतं. धनेशला हेच हवं होतं.

आणि मग खरोखरच भाग्य उजळलं. व्याजाचा दर पाव टक्क्याने बदलला, की बोलवा धनेशला. नवी शाखा काढली, बोलवा धनेशला. प्रिंटरने आडवं छापायचं ते उभं छापलं, तरी धनेशच. मार्चअखेरीला तर पतसंस्थेची क्लार्क चंद्रकलाबाई त्याच्यासाठी घरून डबा आणायची आणि तो जेवेपर्यंत उभी राहायची. देवरामशेठ ज्या खुर्चीवर डायरेक्टरलाही बसू देत नसत, ती धनेशसाठी पुसली जायची. मुरबाडच्या वाटेवर सरळगावला अनंता नावाच्या माणसाची भाताची गिरणी होती. पतसंस्थेतला थाट पाहून त्यानेही धनेशकडून प्रोग्राम करून घेतला. त्या प्रोग्रामात तुसाच्या डब्याला कुणाचं नाव होतं ते इथे सांगण्यात अर्थ नाही, तो माणूस अजून हयात आहे. धनेशने मोटरसायकल घेतली. लोक त्याला 'साहेब' म्हणू लागले आणि तो 'कसला साहेब' म्हणेनासा झाला.

त्याच्या हळदीच्या दिवशी अनंता गिरणीवाला मांडवात हजर झाला. आहेर आणला होता, पण डोळे नवरदेवाला शोधत होते. गिरणीत भाताच्या गाड्या उभ्या आणि कंप्युटर पावती देईना. अंगाला हळद लागलेला धनेश अनंताच्या जीपमध्ये बसून सरळगावला गेला, पावत्या सुरू करून दिल्या आणि परत आला. तिथल्या कीबोर्डची बटणं पुढे कित्येक वर्षं पिवळी होती. सासरच्यांनी नापसंती दाखवली तेव्हा धनेशचा बाप अभिमानाने म्हणाला, आमच्या पोराशिवाय पान हलत नाय. नवी नवरी सरिता हे ऐकत होती. पान हलवायला आपला नवरा रोजच जाणार आहे, हे तिला नंतर कळलं.

९८ साली ठाण्याच्या एका कंपनीत धनेशला नोकरी लागली. चांगली, महिन्याच्या महिन्याला पगार देणारी. आसनगावहून पास काढला, सरिताने नवा डबा घेतला. दुसऱ्या आठवड्यात पतसंस्थेचा लाभांश अडला. चंद्रकलाबाईने कंपनीत फोन केला, मग देवरामशेठनी केला, मग अनंताने. कंपनीच्या साहेबाने शांतपणे विचारलं, तुम्ही आमच्याकडे नोकरीला आहात की त्यांच्याकडे? धनेशने नोकरी सोडली. गावात सांगितलं की आपल्या लोकांना टाकून जाणं मनाला पटेना. हे ऐकून देवरामशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण लोकांच्या पायात बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक आपल्याच पायात आहे, ही गोष्ट त्या वेळी धनेशच्या लक्षात आली असेल, तर त्याने ती कुणाला बोलून दाखवली नाही.

मग ९९ साल आलं आणि वायटूकेचं भूत आलं. जुन्या प्रोग्रामात वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले. दोन हजार साल उजाडलं की 'शून्य शून्य' म्हणजे एकोणीसशे की दोन हजार, हे कंप्युटरला कळणार नव्हतं. धनेशपुढे दोन रस्ते होते. सगळीकडे वर्षाचे चार आकडे करायचे: पुष्कळ दिवसांचं काम, पण कायमचं मिटलं असतं. किंवा जिथे जिथे तारीख येते तिथे एक ओळ घालायची, की वर्ष दहाच्या आत असेल तर दोन हजाराचं धर, नाहीतर एकोणीसशेचं. एका दुपारचं काम. धनेशने दुपारचं काम केलं आणि पैसे कायमच्या कामाचे घेतले. ही ओळ दोन हजार दहाला दगा देणार, हे त्याला माहीत होतं. त्याचा हिशोब असा, की तेव्हा परत बोलावतील, परत पैसे मिळतील. लोक पोरांच्या शिक्षणासाठी विमा काढतात, तसं त्याने ती ओळ घालून ठेवली.

या हिशोबात एकच गोष्ट राहिली. तोवर वर्षभराच्याच ठेवी घेणारी पतसंस्था पुढे पाच-पाच वर्षांच्याही घेऊ लागली. तिच्याकडे दोन हजार दहा साल पाच वर्षं आधीच येणार होतं.

२००५ च्या जानेवारीत मंगळीने पाच वर्षांची ठेव ठेवली. मंगळी, तीच. सासरहून आल्यावर ती रडत बसली नव्हती. बाजारपेठेत शिलाईचं दुकान टाकलं होतं, ब्लाऊज तिच्याकडे शहापूरपासून यायचे. ठेवीची पावती चंद्रकलाबाईने हाताने लिहिली, तेव्हा कुणाला काही कळलं नाही. मार्चअखेरीला कंप्युटरने आपणहून पोस्टकार्डं छापली आणि पोस्टमनने एक मंगळीच्या दुकानात टाकलं. त्यात लिहिलं होतं की आपल्या ठेवीची मुदत जानेवारी १९१० मध्ये संपली असून वारंवार कळवूनही आपण रक्कम नेलेली नाही. त्या दिवसापासून व्याज बंद करण्यात आले आहे.

मंगळी ते कार्ड घेऊन सरळ धनेशच्या घरी आली.

"धनेशदादा," ती म्हणाली, "माजी आजी तरी जन्मली व्हती का रे तवा?"

धनेश हसला, किरकोळ आहे म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली. पतसंस्थेत जाऊन त्याने त्या ओळीतले दहाचे पन्नास केले. म्हणजे पन्नासच्या आतलं वर्ष दोन हजाराचं. मंगळीची मुदत एकदम २०१० वर गेली. चंद्रकलाबाईने हात जोडले. धनेशने चहा घेतला आणि घरी आला.

तारखा मात्र काही नुसत्या ठेवींच्याच नसतात. पतसंस्था म्हाताऱ्या माणसांना अर्धा टक्का व्याज जास्त द्यायची, आणि त्यासाठी त्यांची जन्मतारीख घेतलेली होती. एकोणीसशे तीस-पस्तीस सालची ती सगळी माणसं धनेशच्या एका दुपारच्या कामाने दोन हजार तीस-पस्तीस सालची झाली. म्हणजे त्यांचा जन्म व्हायचाच होता. आणि जो जन्मलाच नाही त्याला म्हातारपणाचा अर्धा टक्का कसा द्यायचा? कंप्युटरने तो चोख बंद केला. पुढच्या व्याजाच्या दिवशी पंचक्रोशीतले म्हातारे काठ्या टेकत पतसंस्थेत जमले. आपण अजून जन्मलो नाही हे त्यांना समजावून सांगायचं काम चंद्रकलाबाईकडे होतं. देवरामशेठचे स्वतःचे वडील त्यांत होते.

आता मात्र धनेशला तो प्रोग्राम मुळापासून उघडावा लागला. सगळा छापून घेतला, घरी आणला, ओटीवर पसरला.  दहा वर्षांपूर्वीच्या त्या चलाख माणसाने काय लिहून ठेवलंय ते त्याला वाचता येईना. महादू कमळूपेक्षा मोठा असेल तर गोजरला शून्य कर. का? म्हणजे काय? गोजर कपात, हे आठवलं. महादू काही केल्या आठवेना. ज्या माणसाला अडवायला त्याने ही भिंत बांधली, तो परका माणूस दहा वर्षांनी आला होता आणि तो धनेश स्वतःच होता.

सरिता तांदूळ निवडत बसली होती. तिने विचारलं, कसला महादू? धनेशने सांगितलं.

"तो दूधवाला?" ती म्हणाली. "त्याला तुमी कायम आगाऊ म्हनायचात."

धनेशने कपाळावर हात मारला. आगाऊ व्याज. असं करत नवरा-बायकोने दोन दिवस बसून गावातली सगळी माणसं आणि त्यांच्या खोडी आठवल्या. कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, कोण चिकट, कोण उधळ्या. पतसंस्थेचा प्रोग्राम दुरुस्त करायची ही रीत जगात दुसरीकडे कुठे नसेल. मंगळीचा डबा आला तेव्हा सरिताने त्याच्याकडे पाहिलं. तांदळाचं सूप उचलून आत गेली.

तोवर देवरामशेठचा धीर सुटला होता. वडील घरात बोलत नव्हते. शेवटी शेठनी कल्याणच्या एका कंपनीचं नवं पॅकेज घ्यायचं ठरवलं आणि कंपनीने रविना नावाची मुलगी पाठवली. तोकावड्याकडची, शिकलेली, अतिशय सभ्य. जुनी खाती नव्या पॅकेजात न्यायची तर कोणत्या डब्यात काय आहे ते तिला कळायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारा माणूस जगात एकच. देवरामशेठनी धनेशला बोलावलं. खुर्ची पुसलेली नव्हती.

ते तिघं टेबलाशी बसले, चंद्रकलाबाई उभी. बाकावर ठेवीदार होते. मंगळीही होती, तिला आपल्या ठेवीचं आता कुठलं साल चाललंय ते पाहायचं होतं.

रविना एकेक नाव विचारायची, धनेश अर्थ सांगायचा आणि ती आपल्याकडे लिहून घ्यायची. गोजर, कपात. महादू, आगाऊ व्याज. ती एकदाही हसली नाही, 'सर' म्हणत राहिली. धनेशला त्याचाच जास्त त्रास झाला. बाकावरच्या लोकांना मात्र लवकरच पत्ता लागला आणि एकमेकांना ढोसणं सुरू झालं. मग रविनाने पान उलटलं.

"सर, हे मंगळी काय आहे?"

धनेश म्हणाला, ते असंच, चाचणीसाठी घातलेलं, सोडून द्या. पण रविना कामसू मुलगी. तिने पुढची ओळ मोठ्याने वाचली आणि तिचा मराठीत अर्थ लावला, "मुदत पुरी व्हायच्या आधी परत आली, तर मंगळीच्या डब्यात 'हो' टाक. आणि मग व्याज कापायचं. म्हणजे मुदतपूर्व. बरोबर ना सर?"

बाकावरचं ढोसणं थांबलं.  रविनाला कळलं की काहीतरी झालं, पण काय ते कळेना.

मंगळी उठून टेबलाजवळ आली. तिने कागदावर बोट ठेवून आपलं नाव पाहिलं, इंग्रजी अक्षरं तिला येत होती.

"मी आले तवाच लिवलास का?" तिने विचारलं.

धनेशने होकाराची मान हलवली.

"आनि ज्याच्यापायी आले," मंगळी म्हणाली, "त्याचा नाव रे कशाला दिलास?"

त्याचं नाव कशालाच दिलेलं नव्हतं. दहा वर्षांत धनेशला ते सुचलंसुद्धा नव्हतं.  देवरामशेठ मंगळीला समजूत काढण्याच्या सुरात म्हणाले, तुला पाहिजे तर ठेव आजच मोडून देतो, पुऱ्या व्याजाने.

"नको," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तिथंच. पाच वर्सां पुरी करनार मी."

आणि ती दुकान उघडायला निघून गेली.

संध्याकाळच्या आत गावाला सगळी नावं पाठ झाली. महादूने दूध घालायचं बंद केलं. कमळू घरी नव्हता, त्यामुळे त्याला आठवड्याने कळलं. गोजर आत्या एवढी एकच खूश झाली. माझ्याशिवाय संस्थेचा हिशोब जुळत नव्हता, असं ती म्हसाच्या जत्रेत अनोळखी बायकांनाही सांगत होती. सरिताने नवऱ्याशी बोलणं बंद केलं नाही, पण त्याला जेवायला वाढताना 'घ्या' एवढंच म्हणायची.

महिनाभर धनेश रोज जाऊन रविनाला अर्थ सांगत राहिला. पैसे कुणी विचारले नाहीत, त्यानेही काढले नाहीत. ती तिच्या पॅकेजात डब्यांना लांबलचक, सरळ नावं द्यायची आणि प्रत्येक कामाशेजारी खुलासा लिहायची. धनेशने एकदा तिला सांगून पाहिलं की असं केलंत तर उद्या तुम्हाला कोणी विचारणार नाही. ती म्हणाली, उद्या मला दुसरं काम करायचं असतं, सर.  धनेशला दुसरं काम करायची संधी एकदा मिळाली होती, ती पंधरा दिवस टिकली होती.

पतसंस्थेचं काम संपलं त्या दिवशी तो मंगळीच्या दुकानात गेला. काय बोलायचं ते ठरवून गेला होता, ते तिथे आठवेना. मंगळी एका ब्लाऊजची शिवण उसवत होती. ब्लाऊजवाली बाई अंगाने भरली होती, तिला तोच ब्लाऊज वाढवून हवा होता. शिलाईच्या आत मंगळीने बोटभर माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली होती, तीच आता बाहेर काढत होती.

बोलायला काहीतरी हवं म्हणून धनेश म्हणाला, माया सोडली नसतीस तर तिने नवा ब्लाऊज शिवला असता, तुलाच पैसे जास्त मिळाले असते.

"शिवला असता," मंगळी दोरा दातांनी तोडत म्हणाली. "पन माज्याकडं नाय."

धनेश स्टुलावर बसला. मग त्याने खालच्या आवाजात सांगितलं की चुकलं. मंगळीने मान वर केली नाही. मशीनचं चाक फिरवलं, एक शिवण पुरी केली, आणि म्हणाली की वहिनीला म्हणावं तिचा परकर तयार आहे, घेऊन जा. तिने माफ केलं का, हे धनेशला कळलं नाही. त्याने परकर घरी नेला. सरिताने तो उलटसुलट करून पाहिला आणि त्या दिवशी 'घ्या'च्या पुढे दोन शब्द जास्त बोलली.

गिरणीचं काम तेवढं आता धनेशकडे उरलं होतं. तो सरळगावला गेला आणि अनंताला म्हणाला, तुमचा प्रोग्राम मी नव्याने लिहून देतो. अनंता घाबरला. पतसंस्थेतली हकीकत त्याच्या कानावर होती. आपल्या तुसाच्या डब्यात कोण बसलंय ते त्याला ताबडतोब हवं होतं. धनेशने नाव सांगितलं. अनंता आधी पोट धरून हसला, मग म्हणाला की हे मात्र बदलू नको. धनेशने बदललं. तुसाला तूस म्हटलं, कण्यांना कणी, हमालीला हमाली. वर्षाचे चारही आकडे ठेवले. भाताची नवी जात आली तर ती कशी घालायची, ते अनंताच्या सुनेला शिकवलं. पावसाळाभर ते काम चाललं.

आणि पुन्हा तेच झालं जे वखारीत झालं होतं. गिरणी चालू राहिली. फोन येईना. वर्षाच्या शेवटी धनेश मेंटेनन्सचं बोलायला गेला तेव्हा अनंताने निम्मे देतो म्हणून सांगितलं, कारण आलास कितीदा? धनेशने वाद घातला नाही, निम्मे घेतले. प्रामाणिकपणाला वखारीत काहीच भाव नव्हता. दहा-बारा वर्षांत तो निम्म्यापर्यंत चढला होता. बाजार सुधारत होता म्हणायचा.

२००७ साली ठाण्याच्या दुसऱ्या एका कंपनीत त्याला पुन्हा नोकरी लागली. या वेळी त्याच्यामागे कुणाचा फोन आला नाही. काम होतं दुसऱ्यांनी लिहून टाकलेले जुने प्रोग्राम वाचायचं आणि दुरुस्त करायचं. तिथली तरणी पोरं त्या कामाला नाकं मुरडायची. धनेश मात्र तासन् तास बसायचा, कुठल्याशा अनोळखी माणसाने डब्यांना दिलेली चमत्कारिक नावं उलगडत. त्याचे साहेब म्हणायचे, वेखंडेंना हे कसं काय जमतं कळत नाही. धनेश ते सांगत नसे. तो दुरुस्त केलेल्या प्रत्येक ओळीशेजारी खुलासा लिहायचा आणि एवढं लिहिण्यात वेळ घालवतो म्हणून वर्षाच्या शेवटी त्याची पगारवाढ थोडी कापली जायची.

पुढच्या दिवाळीनंतर, भातं घरात आल्यावर, एका रविवारी सकाळी अनंताचा फोन आला. लगेच ये.  धनेशने मोटरसायकल काढली आणि काय बिघडलं असेल याचा विचार करत सरळगाव गाठलं. गिरणी सुरू होती. पावत्या भराभर निघत होत्या. अनंता दारातच उभा होता. त्याने धनेशला ओढून मागच्या पडवीत नेलं. तिथे पाटावर पान मांडलेलं. नव्या तांदळाचा भात, वर वाल, बाजूला तळलेली मासळी.

धनेशने विचारलं, काय झालंय काय?

"काय नाय," अनंता म्हणाला. "पयला कायतरी बिघडायचा, तू यायचास. दोन घटका बसायचास. आता वर्सभर तुजा तोंड दिसत नाय."

धनेश जेवायला बसला. अनंता समोर बसून भात कसा झालाय ते पुन्हा पुन्हा विचारत राहिला, मग विटांच्या भट्ट्यांनी मजूर कसे पळवले ते सांगत बसला, मग मुरबाडच्या रस्त्याचं. जेवून हात धुतल्यावर धनेश जुन्या सवयीने गिरणीच्या खोलीत शिरला आणि कंप्युटरसमोरची खुर्ची ओढू लागला.

अनंताच्या सुनेने पावती फाडता फाडता वर पाहिलं.

"भावजी, हात नका लावू," ती म्हणाली. "चालतोय तो."